एका टबात धुतलेले दोन गिअरबॉक्स

गल्लीत त्याला सगळे डेंटिस्ट म्हणत. त्यानं आयुष्यात माणसाच्या तोंडात हात घातला नव्हता. घातला असता तर माणूस दगावला असता, इतकी त्याची बोटं जाड आणि तेलकट होती. पण गिअरबॉक्समधले दात आपल्याइतके कोणालाच कळत नाहीत, असं त्याचं मत होतं, आणि गाडी दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला तो ते फुकटात ऐकवत असे.

“गाडीचे दात दाखवा, मी मालकाचं तोंड सांगतो,” हे त्याचं आवडतं वाक्य होतं. एकदा एका गिअरकडे बघून त्यानं सांगून टाकलं होतं, की बाई गाडी उत्तम चालवतात, पण शेजारी नवरा बसला की त्यांचं बिनसतं. नवरा तिथेच उभा होता. तो पुन्हा आला नाही. बाई मात्र येत राहिल्या.

त्याच्या धंद्याला एकच नियम होता. टेबलावर एका वेळी एकच गिअरबॉक्स उघडा असायचा. दुसरा आला तर त्यानं कोपऱ्यात बसून वाट बघायची. हा नियम त्यानं भल्याभल्यांसाठी मोडला नव्हता, तो दोन मेव्हण्यांपायी मोडला.

मेव्हणे दोन आणि दोघांची तऱ्हा वेगळी. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. बोलणं इतकं हळू, की गिऱ्हाइकाला वाटे डोळ्यांबरोबर आपले कानही गेले. खिशात कायम एक पिवळं मऊ फडकं असे. त्या फडक्यानं तो चष्मा पुसे, घड्याळ पुसे, आणि हाताशी आलं तर दुसऱ्याचं टेबलही पुसून ठेवी. धाकटा लाउडस्पीकर भाड्यानं देई. त्याला स्वतःला लाउडस्पीकरची गरज नव्हती. तो आला की आधी त्याचा आवाज येई, मग धाडकन लावलेल्या दाराचा, आणि सगळ्यात शेवटी तो.

या दोघांची एकुलती एक बहीण, दोघांहून मोठी, ही डेंटिस्टची बायको. दोघे तिला ताई म्हणत आणि ती त्यांना मोठ्या आणि छोट्या म्हणे. मोठ्या आणि छोट्या एकमेकांशी बोलत नसत. एका खोलीत बसले तरी, “ताई, त्याला सांग पंखा बंद कर,” “ताई, त्याला सांग उठून स्वतः कर,” असं चाले. पंखा त्या दोघांच्या मधोमध असे. जगात फक्त हे एकच घर होतं, जिथे दोघांची पावलं लागत, आणि ते टिकवायला ताईनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. दोघांना चहाचे कप एकाच मापाचे. एकाला बिस्किट दिलं तर दुसऱ्यालाही तेवढंच, तो नको म्हणाला तरी.

बरं, न बोलणाऱ्या भावांनी निदान गाड्या तरी वेगळ्या घ्याव्यात की नाही? दोघांकडे एकाच कारखान्याची, एकाच नमुन्याची, गोल दिव्यांची जुनी गाडी. रंगसुद्धा जवळपास तोच. का, ते कोणी विचारत नसे.

यंदा जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती. दोघांनाही त्यात जायचं होतं आणि दोघांचेही गिअरबॉक्स कुरकुरत होते. दोघे एकाच सकाळी गॅरेजच्या दारात हजर झाले.

“जरासा जड पडतो दुसरा गिअर,” थोरला हळूच म्हणाला. “विशेष काही नाही.”

“सगळा खलास झालाय, दाजी!” धाकटा ओरडला. “तेल गळतंय, आतून कायकाय आवाज येतात, आता जातोय की मग जातोय!”

आणि दोघांनीही ताईमार्फत कळवलं, की त्याची गाडी आधी उघडली तर मी माझी इथून घेऊन जाईन.

गाड्या चालवून बघायची डेंटिस्टला गरज वाटली नाही. दात बघितल्यावर सगळं कळतंच. त्यानं दोन्ही गिअरबॉक्स एकाच दिवशी उतरवले, उघडले आणि आतला माल दोन ट्रेमध्ये ओतला. डावा ट्रे थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. चिठ्ठी वगैरे लावली नाही; चिठ्ठ्या ज्यांना आठवत नाही ते लावतात. इतक्यात भंगारवाल्याचा फोन आला. तसलीच तिसरी गाडी सापडली होती. इतके दिवस तिच्यात कोंबड्या राहत होत्या, आता त्यांची दुसरीकडे सोय झाली होती. जुन्या गाड्यांचे सुटे भाग काही दुकानात मिळत नाहीत. एक मेली की तिच्यावर दोन जगतात. डेंटिस्ट तसाच पळाला.

तो परत आला तेव्हा अंगाला कोंबड्यांचा वास होता, काखेत तिसरा गिअरबॉक्स होता आणि चेहऱ्यावर आनंद होता. आनंद दारातच संपला.

टेबलावर स्वच्छ चादर पसरली होती. तिच्यावर दोन्ही गिअरबॉक्समधला एकूण एक तुकडा धुऊन, पुसून, लखलखीत करून मांडला होता. आकाराप्रमाणे. सगळ्यात मोठे गिअर डावीकडे, मग मधले, मग पितळी रिंगा, मग बेअरिंगं, शेवटी स्प्रिंगा आणि बारीक गोळ्या एका वाटीत. बाजूला कपडे भिजवायचा टब होता आणि त्यात काळंभोर रॉकेल.

“तुम्ही दमून येणार,” ताई हात पुसत म्हणाली, “म्हटलं तेवढं तरी उरकून ठेवावं.”

“दोन्ही?” डेंटिस्टचा आवाज थोरल्या मेव्हण्यासारखा निघाला. “एकाच टबात?”

“मग? एकाचं आधी धुतलं असतं तर दुसरा रुसला असता. दोघं माझेच भाऊ आहेत.”

डेंटिस्ट खाली बसला. बायकोवर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण ती इतक्या कौतुकानं त्या चादरीकडे बघत होती की त्याला ओरडवेना. त्यानं शांतपणे सांगितलं, की आता कोणता तुकडा कोणाचा हे फक्त त्या रॉकेलला माहीत आहे.

ताईचा चेहरा पडला. काय झालं हे तिला एका क्षणात कळलं, आणि जे डेंटिस्टला सुचलं नव्हतं तेही कळलं. “त्यांना समजलं ना,” ती म्हणाली, “तर मोठ्या म्हणेल माझा चांगला माल त्याला दिला. छोट्या म्हणेल माझा दिला. दोघंही यायचे बंद होतील. मग मी कोणाला सांगू पंखा बंद कर म्हणून?” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून डेंटिस्टनं ठरवलं, की काहीही होवो, हे या घराबाहेर जाता कामा नये.

तसं पाहिलं तर संकट वाटलं तेवढं मोठं नव्हतं. वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरलेले गिअर एकमेकांना साजेसेच झिजतात. एकाच्या दाताला जिथे खड्डा, तिथे दुसऱ्याच्या दाताला उंचवटा. जोडी मोडून परक्याशी लावली तर दोघंही जन्मभर किरकिर करतात. डेंटिस्टनं एक गिअर उचलला, भिंग लावलं, आणि त्याचा जोडीदार शोधायला लागला. ताई थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “सरका. हे मोज्यांसारखं आहे.” मोज्यांच्या जोड्या लावण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवस कलायच्या आत चादरीवर दोन ढीग झाले होते, आणि दोन्हींत एकही परका तुकडा नव्हता.

आता फक्त एकच प्रश्न उरला. कोणता ढीग कोणाचा?

एक ढीग बघून डेंटिस्टला भरून आलं. दात एकसारखे झिजलेले, कडा शाबूत, पितळी रिंगा गुळगुळीत. असा गिअरबॉक्स फक्त क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून गिअर टाकणाऱ्याचा असतो. दुसरा ढीग बघून त्याला शिव्या आल्या. दुसऱ्या गिअरचे टोकाचे बारीक दात तुटून बोथट झालेले. रिंग कातरलेली. आणि गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूनं सुरीसारखा पातळ झालेला.

“हे बघ,” तो फोर्क बायकोच्या नाकासमोर धरून म्हणाला. “गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसायचं, आरामात, खुर्चीच्या हातावर ठेवतात तसा. वरून हाताचं वजन, खाली हा बिचारा घासतोय. आणि हे तुटके दात म्हणजे क्लच अर्धा दाबून खाड्कन घुसवलेला गिअर. आता तूच सांग, तुझ्या दोन भावांत हा कोण?”

“सांगायला कशाला हवं?” ताई म्हणाली. “छोट्या. दार लावायचं तर चौकट हलते त्याची.”

“तेच म्हणतो मी.”

“लहानपणापासून असाच. बाबांच्या गाडीचा दुसरा गिअर त्यानंच मोडला होता ना.”

ही गोष्ट डेंटिस्टनं लग्नापासून ऐकली होती. बाबांची गाडीही याच नमुन्याची. एक दिवस दोघे भाऊ तिला घेऊन आळीपाळीनं फिरून आले आणि गाडी दारात शिरताना आतून दगड दळल्यासारखा आवाज करत होती. बाबांनी विचारलं, कोणी?  थोरल्यानं फक्त मान वळवून धाकट्याकडे बघितलं. धाकटा “मी नाही!” म्हणून असा ओरडला, की शेजारची माणसं खिडकीत आली. बाबांनी त्याच्या हातावर फाड्कन चापट मारली आणि म्हणाले, हा हात पुन्हा गाडीला लागता कामा नये. ताई तिथेच उभी होती. तीही म्हणाली होती, याचाच उद्योग असणार. त्यानंतर भावांचं बोलणं कमी होत होत पंख्यावर येऊन थांबलं.

झालं तर मग. चांगला ढीग थोरल्याच्या केसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या पेटीत, गेला. केसिंगवर नंबर कोरलेले असल्यामुळे निदान ती तरी हरवली नव्हती. मोडका ढीग धाकट्याच्या केसिंगमध्ये गेला. तुटलेल्या दुसऱ्या गिअरच्या जागी कोंबड्यांच्या गाडीतली जोडी बसवली, फोर्कही तिचाच घेतला, आणि झिजलेला जुना फोर्क डेंटिस्टनं गिऱ्हाइकांना भाषण द्यायला खिशात टाकला. काम चालू असताना एकदा थोरला चौकशीला आला. टेबलाला बसवलेल्या शेगड्याच्या, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या पकडीच्या, दांड्यावर पंजा टेकून, सगळं वजन त्यावर टाकून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “घाई नाही, दाजी.” दांडा कुरकुरला. डेंटिस्टचं लक्ष नव्हतं. तो गिअरचे दात बघत होता.

गाड्या तयार झाल्या त्या दिवशी ताईनं दोघांना एकदमच बोलावलं. गॅरेजच्या शेजारून एक चढाचा रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. तिथून वळून आलं की गाडीची परीक्षा झाली. पहिल्यांदा कोण जाणार यावर ताईनं नाणं उडवलं. थोरला जिंकला. त्यानं पिवळ्या फडक्यानं स्टिअरिंग पुसलं आणि गाडी काढली.

गाडी चढाला लागली, दुसरा गिअर पडला, मग तिसरा पडला, आणि तिसऱ्यात तिच्यातून एक आवाज यायला लागला. वाईट नाही, बारीकसा, खालच्या पट्टीतला, कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. धाकटा दाराशी उभा राहून ताईला काहीतरी ओरडून सांगत होता. तो मध्येच गप्प झाला. तो गप्प झाला म्हणून गल्लीतला एक कुत्रा उठून बसला.

थोरला परत आला, उतरला. “लोण्यासारखी,” म्हणाला. “इतकी छान कधीच नव्हती.”

डेंटिस्ट खूश झाला. ‘कधीच’ या शब्दावर त्यानं थोडं थांबायला हवं होतं, पण स्वतःचं कौतुक चालू असताना थांबायची त्याला सवय नव्हती.

मग धाकटा आपली गाडी घेऊन गेला. डेंटिस्ट दात वाजायची वाट बघत राहिला. दात वाजले नाहीत. प्रत्येक गिअरआधी गाडी क्षणभर थांबल्यासारखी होई आणि मग पुढे सरके. धाकटा खाली आला, दार न आपटता उतरला, आणि त्या मानानं हळू आवाजात म्हणाला, “दाजी, माझा तिसरा गिअर त्याच्या गाडीत आहे.”

“छे!” डेंटिस्ट म्हणाला. “तेल नवीन आहे. जाड तेल घातलं की आवाज बदलतो.”

“तो चढावर गुणगुणतो, तो माझा गिअर आहे. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर गुणगुणत चढ चढलोय. भोंगे लावतो म्हणून काय बहिरा समजता मला?”

“बेअरिंगचा आवाज असेल.”

“आणि हा दुसरा गिअर माझा नाही. याला कोंबड्यांचा वास येतोय!”

वास गिअरला नव्हता, अजून डेंटिस्टलाच येत होता, पण आता ते सांगण्यात अर्थ नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं तिसरी थाप मारायला तोंड उघडलं तेवढ्यात ताई पुढे आली.

“मी धुतलं सगळं एकाच टबात,” ती म्हणाली. “यांची काही चूक नाही. ते गेले होते, मला वाटलं मदत करावी. मग आम्ही दोघांनी जोड्या लावल्या. एक ढीग चांगला निघाला, एक मोडका. चांगला आम्ही मोठ्याला दिला, मोडका...” ती थांबली. धाकट्याकडे बघितलं. “मोडका तुला दिला. कारण...”

कारण सांगायची गरज नव्हती. पण आता दुसरं एक गणित चौघांच्याही डोक्यात एकाच वेळी सुटायला लागलं. गुणगुणणारा चांगला ढीग जर धाकट्याचा, तर ते तुटके दात कोणाचे?

थोरल्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला. एका हातानं चष्मा धरला होता. दुसरा, मोकळा झाला की, गाडीच्या उघड्या खिडकीतून आत जाऊन दांड्यावर टेकत होता. आपोआप, वजन टाकून. डेंटिस्टनं तो हात बघितला. मग खिशातून तो सुरीसारखा पातळ फोर्क काढला. या फोर्कवर त्यानं बायकोला केवढं भाषण दिलं होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि वर दातांचा तज्ज्ञ म्हणून मिरवला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सुटायला अजून वाट होती. थोरला म्हणू शकत होता, की ताईचाच घोटाळा झाला, मला काय माहीत. तो हळू बोलला असता आणि सगळ्यांनी ते खरं मानलं असतं. आजवर मानलं होतं. ताई त्याच्याकडेच बघत होती.

चष्मा पुसून पुसून संपला. “मोडका माझा आहे,” थोरला म्हणाला. आवाज आज पहिल्यांदाच जरा मोठा लागला, आणि फाटला. “मला गिअर टाकताच येत नाही. कधीच आला नाही. मी बाहेरून पुसत राहतो.” मग तो कित्येक वर्षांत पहिल्यांदा ताईला मध्ये न घालता भावाकडे वळला. “बाबांच्या गाडीचाही मीच मोडला होता.”

“मला माहीत आहे,” धाकटा म्हणाला. “मी तेव्हाच सांगितलं होतं. ओरडून सांगितलं होतं. माझा आवाज एवढा मोठा, की कोणी ऐकलंच नाही.”

ताईनं तोंडावर पदर धरला. ‘याचाच उद्योग असणार’ हे तिचं वाक्य तिला आता ऐकू येत होतं. “छोट्या, मीसुद्धा,” एवढंच तिला बोलता आलं.

“उघडा, दाजी,” थोरला घाईघाईनं म्हणाला. “आत्ता उघडा दोन्ही. त्याचं त्याला द्या. कोंबड्यांचं मला घाला, मला तेच शोभतं.”

डेंटिस्टनं पाना उचललासुद्धा. पण धाकट्यानं हात आडवा घातला. “काही उघडायचं नाही. माझे गिअर तिकडेच राहू देत. पण याच्या एकट्याच्या हाती मी ते देणार नाही, आठवड्यात चणेफुटाणे करील त्यांचे.” आणि तो थोरल्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि दार असं लावलं, की चारही काचा थरथरल्या. “चल, दादा. बस. शिक.”

दादा हा शब्द या गल्लीत तरी कोणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. थोरला मुकाट्यानं बसला. गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला टाकला आणि सवयीनं हात दांड्यावरच विसावला.

फाड्कन आवाज आला.

“हात!” धाकटा ओरडला.

ताई दचकली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. फक्त या वेळी हात दुसऱ्याचा होता. थोरल्याचा हात क्षणभर हवेत राहिला आणि मग स्टिअरिंगवर गेला. गाडी चढाला लागली. दुसरा पडला, दात वाजले नाहीत. तिसरा पडला, आणि ते गुणगुणणं सुरू झालं.

डेंटिस्ट आणि ताई दारात उभे राहून ऐकत होते. डेंटिस्टनं फोर्क भंगाराच्या डब्यात टाकला.

टाकीजवळच्या वळणावर आणखी एक चापट ऐकू आली. मग दोन माणसं हसली. एक हसणं अख्ख्या गल्लीच्या ओळखीचं होतं. दुसरं त्याच्याइतकंच मोठं होतं, आणि ते डेंटिस्टनं यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.